फाइलींची रोजची प्रत ठरल्या वेळी, आपोआप: गोव्यातल्या छोट्या कचेरीसाठी

डिचोलीची पतसंस्था असो, फोंड्याजवळच्या देवस्थानाचं कार्यालय असो, वाळपईच्या वकिलांची कचेरी असो की मराठी शाळेतला एकुलता एक संगणक, एक काम सगळीकडे सारखं असतं. दिवसभरात झालेला हिशेब, पावत्या, स्कॅन केलेले कागद संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचे. हे काम बहुतेक ठिकाणी एकाच माणसावर असतं. तो रजेवर गेला किंवा चवथीच्या आधीच्या धावपळीत विसरला, की त्या दिवशीची प्रत राहते. राहिली हे कळतं तेव्हा मूळ डिस्क गेलेली असते.

हे काम संगणकाला स्वतःहून करायला लावता येतं. त्यासाठी प्रोग्रॅमर लागत नाही आणि वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही. विंडोजमध्ये फाइली हलवणारी आज्ञा आहे आणि ती ठरल्या वेळी चालवणारं टास्क शेड्यूलर नावाचं साधनही आहे. दोन्ही जोडून देणारी सहा ओळींची फाइल म्हणजे आपली स्क्रिप्ट. मी फोंडा आणि डिचोलीकडच्या काही कचेऱ्यांत ही सोय बसवून दिली आहे. तिथे लोक जिथे अडखळले त्या जागा इथे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती आहे. स्क्रिप्ट लिहिणं हा यातला सोपा भाग आहे. खरी अडचण अशी की स्क्रिप्ट बंद पडली तर ती कोणाला सांगत नाही. माणूस विसरला तर निदान त्याला रात्री आठवतं. म्हणून ती चालली की नाही हे कुठे दिसेल आणि कोण बघेल, हे ठरवल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

१. आधी काय जमवून ठेवायचं

हे सगळं हाताशी असल्याशिवाय बसू नका, नाहीतर मध्येच उठावं लागतं.

- विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक, आणि त्यावरच्या खात्याचा खरा पासवर्ड. चार आकडी पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. पायरी ५ मध्ये पासवर्डच लागतो आणि निम्मे लोक तिथेच अडकतात.
- बाहेरून लावायच्या दोन हार्ड डिस्क. एक चालेल का, असं सगळे विचारतात. चालेल, पण दोन का हव्यात ते पायरी ७ मध्ये वाचा आणि मग ठरवा.
- कोणते फोल्डर जपायचे त्यांची कागदावरची यादी. टॅली वापरत असाल तर कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो जशाच्या तसा उतरवून घ्या. स्कॅन केलेले विक्रीखत, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सभेची इतिवृत्तं, फोटो कुठे आहेत तेही लिहा. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेल्या फाइली विसरू नका, कामाच्या पुष्कळ गोष्टी तिथेच असतात.
- यूपीएस. गोव्यात वळवाच्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. लिहिणं चालू असताना डिस्कची वीज गेली तर फाइल अर्धी राहते, कधी डिस्कच बिघडते.

२. डिस्क तयार करा

नवी डिस्क जोडली की तिच्यावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टीमपुढे फॅट३२ लिहिलं असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसणार नाही. डिस्क कोरी असतानाच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आत काही असेल तर आधी ते बाहेर काढा, कारण फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं.

आता तिचं अक्षर पक्कं करा. विंडोज बाहेरच्या डिस्कला मोकळं असेल ते अक्षर देतं. आज ई, उद्या कोणी पेनड्राइव्ह लावून ठेवला तर एफ. स्क्रिप्ट मात्र ई शोधत बसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या पेनड्राइव्हवर प्रत ठेवून देते. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडा, डिस्कवर उजवी कळ दाबा आणि अक्षर बदलायच्या पर्यायातून तिला एक्स हे अक्षर द्या. दुसऱ्या डिस्कलाही एक्सच द्या. दोन्ही एकाच वेळी लावणार नसल्याने गोंधळ होत नाही.

शेवटी दोन्ही डिस्कवर, कोणत्याही फोल्डरच्या आत न घालता, डिस्क या नावाची एक रिकामी टेक्स्ट फाइल करून ठेवा. ती खूण आहे. समोर आहे ती आपलीच डिस्क, हे स्क्रिप्ट त्या फाइलवरून ओळखेल.

३. स्क्रिप्ट लिहा

आज्ञेचं नाव रोबोकॉपी. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजच्या आतच येते, वेगळी बसवावी लागत नाही. साध्या कॉपी-पेस्टपेक्षा ती बरी, कारण बदललेल्या आणि नव्या फाइलीच उचलते. पहिल्या दिवशी तासभर लागला तरी दुसऱ्या दिवसापासून बहुधा काही मिनिटांत काम होतं.

सी ड्राइव्हवर नोंद नावाचा फोल्डर आधी हाताने तयार करा. रोबोकॉपी प्रतीसाठी लागणारे फोल्डर स्वतः बनवते, पण नोंदीच्या फाइलीचा फोल्डर बनवत नाही. तो नसेल तर ती सुरूच होत नाही.

आता नोटपॅड उघडा. खालच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. तुम्ही आज्ञा आणि आकडे रोमन अक्षरांतच टाइप करा. फोल्डरची नावं तुमच्याकडे जशी असतील तशी ठेवा. लहान-मोठ्या अक्षरांनी इथे फरक पडत नाही, मधल्या मोकळ्या जागांनी मात्र पडतो.

@इको ऑफ
सीएचसीपी ६५००१ > नल
इफ नॉट एक्झिस्ट "एक्स:\डिस्क.टीएक्सटी" एक्झिट /बी २०
रोबोकॉपी "डी:\हिशेब" "एक्स:\प्रत\हिशेब" /ई /आर:२ /डब्ल्यू:१० /एनपी /युनिलॉग+:"सी:\नोंद\प्रत.टीएक्सटी"
इफ एररलेव्हल ८ एक्झिट /बी १
एक्झिट /बी ०

पहिली ओळ पडद्यावरचा पसारा कमी करते, एवढंच. दुसरी मराठी माणसासाठी महत्त्वाची. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर ही ओळ नसताना स्क्रिप्टला ते नाव वाचता येत नाही आणि फोल्डर सापडत नाही असं ती सांगते. नवे फोल्डर करणार असाल तर नावं रोमन अक्षरांत, आखूड ठेवा. जुने मराठी नावांचे फोल्डर बदलत बसायची गरज नाही, ही ओळ पुरेशी आहे.

तिसरी ओळ ती खुणेची फाइल शोधते. सापडली नाही तर २० हा आकडा मागे ठेवून स्क्रिप्ट थांबते. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

चौथी ओळ म्हणजे मुख्य काम. आधी मूळ फोल्डर, मग प्रतीची जागा. दोन्ही अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे नावात मोकळी जागा असली तरी अडत नाही. पण बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ ठेवू नका. ती राहिली तर ते चिन्ह नावाचाच भाग आहे अशी रोबोकॉपीची समजूत होते, पुढचे शब्द त्यात मिसळतात आणि चुकीच्या पत्त्याची तक्रार येते. ओळ दहा वेळा वाचूनही ही रेघ डोळ्यांना खटकत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

/ई म्हणजे आतले सगळे फोल्डर घे, रिकामे असले तरी. /आर आणि /डब्ल्यू म्हणजे फाइल अडली तर किती वेळा प्रयत्न करायचा आणि दोन प्रयत्नांत किती सेकंद थांबायचं. हे दोन लिहायचे राहिले तर रोबोकॉपी एकेका अडलेल्या फाइलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. म्हणजे एक्सेलची एक फाइल कोणी उघडी ठेवली की प्रत तिच्यापाशी जवळजवळ वर्षभर ताटकळेल. दोन प्रयत्न, दहा सेकंद, एवढं पुरतं.

/एनपी लिहिलं की किती टक्के झालं हे नोंदीत येत नाही. नाहीतर मोठ्या फाइलींच्या वेळी नोंद वाचता येत नाही. युनिलॉगपुढचं अधिकचिन्ह विसरू नका. त्याच्यामुळे आजची नोंद कालच्या खाली जोडली जाते. ते नसेल तर रोज जुनी नोंद पुसली जाते आणि मागच्या आठवड्यात काय झालं ते कळायचा मार्ग राहत नाही. साध्या लॉगऐवजी युनिलॉग वापरा, म्हणजे मराठी नावं नोंदीत नीट उमटतील.

पाचव्या-सहाव्या ओळींचं कारण रोबोकॉपीच्या उत्तरांत आहे. बहुतेक प्रोग्रॅम काम नीट झालं की ० सांगतात आणि दुसरा कोणताही आकडा म्हणजे चूक. रोबोकॉपीचं तसं नाही. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, २ म्हणजे प्रतीच्या जागी मूळ फोल्डरात नसलेल्या जास्तीच्या फाइली आहेत, ३ म्हणजे या दोन्ही गोष्टी. ८ किंवा त्यावर गेलं की खरी चूक. या दोन ओळी नसतील तर सगळं नीट होऊनही टास्क शेड्यूलर १ दाखवतो, बघणारा घाबरतो आणि चालू असलेल्या गोष्टीत हात घालतो.

फाइल साठवताना प्रकार म्हणून ऑल फाइल्स निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब आणि बीएटी लिहा. हे न केल्यास नोटपॅड मुकाट्याने पुढे टीएक्सटी जोडतं आणि स्क्रिप्ट साधं टिपण होऊन बसते. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ ठेवा. विथ बीओएम असा जो पर्याय आहे तो नको, त्याने पहिलीच ओळ बिघडते. स्क्रिप्टही त्या नोंद फोल्डरातच ठेवा, म्हणजे सगळं एका जागी राहील.

जपायचे फोल्डर जास्त असतील तर प्रत्येकासाठी रोबोकॉपीची ओळ आणि तिच्या लगेच खाली इफ एररलेव्हलची ओळ, अशी जोडी लिहा. रोबोकॉपीच्या सगळ्या ओळी आधी आणि तपासणी एकदाच शेवटी असं केलंत तर फक्त शेवटच्या फोल्डरची चूक दिसेल.

एका पर्यायापासून लांब राहा

इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी /ई च्या जागी /एमआयआर दिसेल. एमआयआर म्हणजे आरसा. मूळ फोल्डरात जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकायचं. ऐकायला नीटनेटकं वाटतं, पण विचार करा. कोणाच्या तरी हातून मूळ फोल्डरातलं २०१९ सालचं सगळं पुसलं गेलं, तर दुपारी स्क्रिप्ट चालेल आणि प्रतीतूनही ते पुसेल. प्रतीच्या जागी चुकून दुसऱ्याच फोल्डरचा पत्ता लिहिला असेल तर त्यातलं सगळं आधीचं जाईल. /ई ने जास्तीच्या फाइली साचतात, डिस्क थोडी लवकर भरते. डिस्क स्वस्त आहे. नवख्या माणसाने एमआयआर वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

४. हाताने चालवून बघा

चौथ्या ओळीच्या शेवटी /एल जोडा आणि स्क्रिप्ट चालवा. /एल असताना रोबोकॉपी काहीच हलवत नाही, काय हलवलं असतं त्याची फक्त यादी नोंदीत लिहिते. यादी वाचा. फोल्डर बरोबर आहे का, फाइलींची संख्या पटण्यासारखी आहे का ते बघा. मग /एल काढा आणि खरी प्रत होऊ द्या.

नोंदीच्या शेवटी एक तक्ता येतो. त्यात फेल्ड या रकान्याखाली शून्य असायला हवं. तिथे आकडा असेल तर वर जाऊन एरर शब्द शोधा. एरर ३२ दिसलं तर ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली आहे. एरर ५ म्हणजे त्या फोल्डरात जायची परवानगी नाही. छोट्या कचेरीत बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक असतं.

५. वेळ ठरवा आणि शेड्यूलरला द्या

वेळेबद्दल जरा थांबून बोलायला हवं. सगळीकडे रात्री २ किंवा ३ ची वेळ सुचवलेली असते. मोठ्या शहरातल्या रात्रभर चालणाऱ्या सर्व्हरला ती ठीक आहे. आपल्याकडे संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद करून जायची पद्धत आहे, आणि विजा चमकायच्या दिवसांत तर प्लगसुद्धा काढून ठेवतात. ती पद्धत बरोबरच आहे, ती मोडू नका. पण मग रात्रीची स्क्रिप्ट कधीच चालणार नाही.

गोव्यातल्या कचेऱ्यांना आणि दुकानांना सोयीची वेळ म्हणजे दुपारची. एक-दीड वाजता लोक जेवायला घरी जातात, तीन-साडेतीनला परततात. संगणक चालू असतो आणि त्यावर कोणी काम करत नसतं. पावणेदोन ही वेळ मला सगळ्यात चांगली वाटते. जेवायला जाताना टॅली आणि एक्सेल बंद करायचं, एवढी एकच सवय लावून घ्यावी लागते. उघड्या टॅलीच्या डेटाची प्रत झाली असं नोंदीत दिसलं तरी ती परत उघडेलच याची खात्री नसते. सकाळी लवकर उघडून संध्याकाळपर्यंत न थांबता चालणारी कचेरी असेल तर बंद व्हायच्या अर्धा तास आधीची वेळ घ्या.

आता स्टार्टमधून टास्क शेड्यूलर उघडा. उजवीकडे क्रिएट बेसिक टास्क आणि क्रिएट टास्क असे दोन पर्याय आहेत. दुसरा घ्या, पहिल्यात लागणारे पर्याय नाहीत.

- जनरल: ओळखू येईल असं नाव द्या. रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट निवडा, म्हणजे पडदा लॉक असला किंवा कोणी लॉगइन केलेलं नसलं तरी काम होतं.
- ट्रिगर्स: रोज, दुपारी १:४५.
- ॲक्शन्स: प्रोग्रॅमच्या जागी स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. स्टार्ट इन मध्ये तिच्या फोल्डरचा पत्ता, तिथे अवतरणचिन्हं नकोत.
- कंडिशन्स: लॅपटॉप असेल तर फक्त चार्जर लावल्यावर चालव, ही खूण आधीपासून लावलेली असते. ती काढा.
- सेटिंग्ज: ठरलेली वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर चालव, अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यावर खूण करा. वीज गेलेली असेल किंवा चवथीला कचेरी आठवडाभर बंद असेल तर उघडल्यावर थोड्या वेळात प्रत होते. किती वेळाने थांबवायचं तिथे ३ दिवस असतात, ते २ तास करा. पहिली मोठी प्रत पायरी ४ मध्ये हाताने झालेली असल्याने २ तास पुरतात.

ओके म्हटल्यावर पासवर्ड विचारतो. पिन चालत नाही. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोजच्या नेहमीच्या सुरक्षा नियमामुळे असं काम अडतं, तेव्हा आधी पासवर्ड ठेवा. आणि नंतर कधी पासवर्ड बदललात तर इथे येऊन तोही बदला. न बदलल्यास त्या दिवसापासून स्क्रिप्ट बंद पडते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. स्क्रिप्ट गुपचूप थांबायचं मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण हेच आहे.

प्रतीची जागा दुसऱ्या संगणकावर असेल आणि तिला तुम्ही झेडसारखं अक्षर दिलं असेल, तर लॉगइन न करता चालणाऱ्या कामाला ते अक्षर दिसत नाही. तिथे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा त्या संगणकाचा पूर्ण पत्ता लिहा.

६. मुद्दाम बिघडवून बघा

ही पायरी कोणी करत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. टास्कवर उजवी कळ दाबून रन म्हणा. काम संपल्यावर लास्ट रन रिझल्ट बघा, तिथे ०एक्स० असायला हवं. आता डिस्क काढून ठेवा आणि परत रन म्हणा. ०एक्स१४ दिसेल. आपण स्क्रिप्टमध्ये लिहिलेला २० हाच तो, शेड्यूलर सोळाच्या पायावर आकडे दाखवतो. डिस्क लावलेली नसेल तर काय दिसतं हे आता तुम्हाला ठाऊक झालं. मग मूळ फोल्डरातली एखादी वर्डची फाइल उघडी ठेवा, तिच्यात बदल करून साठवा पण बंद करू नका, आणि पुन्हा चालवा. नोंदीत काय येतं ते वाचा.

उजवीकडे एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी असं असेल तर तेही दाबून ठेवा. ती नोंद पुष्कळदा बंदच असते आणि लागते तेव्हा रिकामी सापडते.

शेवटी प्रतीतली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. टॅलीचा डेटा असेल तर तो दुसरीकडे उघडून ताळेबंद येतो का ते तपासा. फाइल आहे आणि फाइल उघडते, या वेगळ्या गोष्टी आहेत.

७. दोन डिस्क, आळीपाळीने

एकच डिस्क कायम संगणकाला जोडलेली असेल तर वीज पडली की दोन्ही एकदम जातात. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही कुलूपबंद करतो. म्हणून दोन डिस्क. एक कचेरीत, दुसरी खजिनदारांच्या किंवा सचिवांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. घरी ठेवलेली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आपल्या पावसाळ्यातला दमटपणा कपाटातल्या कागदाला सोडत नाही, तसा डिस्कलाही सोडत नाही.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह आहे, मग हे कशाला, असा प्रश्न येतो. त्या सोयी चांगल्या आहेत, वापरा. पण इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते, आणि कचऱ्याच्या पेटीतून परत आणायची मुदत मर्यादित असते. ती या डिस्कची जागा घेत नाही.

प्रती किती वर्षं ठेवायच्या? जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी म्हणून नोंद असलेल्यांसाठी २०१४ च्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक झालं. तुमची कंपनी असेल तर नुसती डिस्क पुरत नाही, पुढे काय करायचं याबद्दल तुमच्या लेखापालांशी बोला.

८. फाइली दुसऱ्या गावी पाठवायच्या असतील

शाखा म्हापशाला आणि मुख्य कचेरी फोंड्याला, किंवा लेखापाल मडगावला, अशा वेळी इंटरनेटवरून पाठवावं लागतं. समोरच्याने एफटीपी (इंटरनेटवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) म्हटलं तर नम्रपणे एसएफटीपी (सगळं सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित पद्धत) मागा. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कोणालाही वाचता येतो.

आधी हिशेब करा. १० एमबीपीएस अपलोड असलेल्या जोडणीवरून १ जीबी पाठवायला साधारण १४ मिनिटं लागतात, म्हणजे २० जीबीला साडेचार तासांच्या वर. दुपारच्या सुट्टीत ते बसत नाही. पहिली मोठी प्रत डिस्कवर नेऊन द्या आणि रोजचे बदल तेवढे इंटरनेटवरून पाठवा.

विनएससीपी हा फुकट प्रोग्रॅम यासाठी चांगला आहे. त्याच्या अधिकृत जागेवरूनच घ्या. पहिल्यांदा हाताने जोडणी करा. तो सर्व्हरची ओळख म्हणून अक्षरांची एक लांब ओळ दाखवतो. हो म्हणण्याआधी समोरच्याला फोन करून ती ओळ जुळवून घ्या. पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरा, म्हणजे ओळख पटवणाऱ्या, एकमेकींशी जुळणाऱ्या दोन छोट्या फाइली. सार्वजनिक किल्ली तेवढी त्यांना पाठवायची, खाजगी किल्ली संगणकाबाहेर कधी जाऊ द्यायची नाही. आपोआप चालणाऱ्या कामात खाजगी किल्लीला पासवर्ड ठेवला तरी तो स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावा लागतो, म्हणून सर्व्हरवरच्या त्या खात्याला एकाच फोल्डरात जायची मुभा द्या असं त्यांना सांगा.

एकदा हाताने पाठवून झालं की पाठवायच्या खिडकीतच जनरेट कोड असा पर्याय मिळतो. तो तयार स्क्रिप्ट देतो, ती तशीच वापरा. शेड्यूलरला देताना विनएससीपी डॉट कॉम ही फाइल द्या, ईएक्सई नव्हे. कॉम म्हणजे इथे वेबसाइट नाही, त्या नावाचा छोटा प्रोग्रॅम त्याच फोल्डरात असतो.

समोरचा सर्व्हर लिनक्सवर असेल आणि तिकडूनही काही ठरल्या वेळी चालायचं असेल तर त्याचं घड्याळ विचारा. पुष्कळ सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले रात्रीचे १० म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. तिथलं आवरण्याचं काम तुमची फाइल पोचायच्या आधीच होऊन गेलं तर चूक शोधता सापडत नाही.

९. बघणारा माणूस आणि एक कागद

दर सोमवारी सकाळी एका माणसाने तीन गोष्टी बघायच्या: लास्ट रन रिझल्ट ०एक्स० आहे का, नोंदीत कालची किंवा शनिवारची तारीख आहे का, आणि प्रतीच्या डिस्कवर जागा किती उरली. दोन मिनिटांचं काम आहे. बघून झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. माणसाचं नाव ठरवा. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणीच करत नाही. तीन महिन्यांतून एकदा त्याच माणसाने प्रतीतली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची.

समित्या बदलतात, कारकून बदलतात, आणि हे बसवणारा माणूस नेहमी हाताशी नसतो. म्हणून एका कागदावर लिहून कपाटात फाइलला लावून ठेवा: स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरात आहे, रोज किती वाजता चालते, कोणते फोल्डर उचलते, डिस्कचं अक्षर कोणतं, दुसरी डिस्क कोणाच्या घरी असते, खात्याचा पासवर्ड बदलला तर शेड्यूलरमध्ये कुठे बदलायचा, ०एक्स१४ आणि ०एक्स१ दिसलं तर काय करायचं. पासवर्ड या कागदावर लिहू नका. तो बंद पाकिटात, सचिवांकडे.